येळवशीच्या रात्री गुरू: औशाच्या शिवारातून

गुरू बघायला प्रवास करावा लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या सिडकोतल्या गच्चीवरून, समोर मोबाईल टॉवरचा लाल दिवा असतानाही तो ठसठशीत दिसतो. तरी डिसेंबर २०२५ मध्ये आम्ही दुर्बीण गाडीत घालून छत्रपती संभाजीनगरहून थेट औसा तालुका गाठला, त्याला कारण पंचांग. मार्गशीर्ष अमावस्या १९ डिसेंबरला, शुक्रवारी होती. लातूर-धाराशिवकडे हीच वेळ अमावस्या, बोलीत येळवस. म्हणजे अख्खं गाव दिवसभर रानात, आणि रात्री आकाशात चंद्र नाही. गुरू मिथुन राशीत, पुनर्वसू नक्षत्रात, आणि १० जानेवारीच्या प्रतियुतीला, म्हणजे सूर्य आणि गुरू पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंना येण्याला, जेमतेम तीन आठवडे उरलेले. मित्राचे मामा तिकडे शेती करतात. त्यांना फोन केला तर म्हणाले, "जेवायला या, रातच्याला ऱ्हावा." दुर्बिणीचं सांगितलं तेव्हा थोडं थांबून म्हणाले, "ती बी आणा."

गुरुवार, १८ डिसेंबर: अंबाजोगाई

बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई. रस्ता चांगला आहे, पण या दिवसांत त्यावर राज्य उसाच्या ट्रॅक्टरचं. मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि मागचा दिवा असलाच तर नशीब. या भागात डिसेंबर-जानेवारीत यायचं असेल तर अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा, ही पहिली सूचना. दुसरी: दुर्बिणीची नळी मागच्या सीटवर आडवी, गादीवर ठेवा, डिकीत नको. केजच्या पुढचे गतिरोधक आरशाची जुळणी बिघडवायला पुरेसे आहेत.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. ज्या खाणावळीत गेलो तिथल्या मालकीणबाईंचं उद्यापन, त्यामुळे फळ्यावरचा मेनू नुसता फळ्यावरच. "आज पुरणच हाय, चालंल का?" हे विचारण्यासारखं आहे का! कटाची आमटी इतकी झणझणीत की मित्राने पोळी दुधात नाही, आमटीतच बुडवून खाल्ली. हातात पाच फळांची पिशवी आणि महालक्ष्मीच्या कहाणीचं पुस्तक घेऊन सवाष्णी घरोघर परतत होत्या. गुरुवारी गुरू बघायला निघालोय असं मी सहज बोलून गेलो, तर मालकीणबाईंनी अगदी गांभीर्याने विचारलं, "मग उपास धरलाय का?"

दुपारी मुकुंदराजांच्या समाधीकडची दरी बघितली. बालाघाटचा डोंगर इथे एकदम तुटतो, खाली झाडी, आणि वर उभं राहिलं की वाऱ्याचा आवाज सोडून काही नाही. रात्री लॉजच्या गच्चीवर दुर्बीण लावली. सहा इंची डॉब्सोनियन आहे: म्हणजे सहा इंच व्यासाचा आरसा, लाकडी पेटीवर हाताने फिरणारी नळी, मोटर वगैरे काही नाही. गुरूच्या दोन्ही अंगांना दोन-दोन चंद्र. पण खालच्या स्लॅबची दिवसभराची ऊब वर येत होती, गुरू नुसता थरथरत होता. पट्टे आहेत की नाहीत यावर आमचा वाद झाला आणि आम्ही झोपलो.

शुक्रवार, १९ डिसेंबर: रानातला दिवस

सकाळी लातूर ओलांडताना गंमत वाटली. एरवी ज्या चौकात गाडी रांगत पुढे न्यावी लागते तिथे कुत्री ऊन खात बसलेली. दुकानं बंद, रिक्षा नाहीत. या दिवशी जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते आणि शहर अक्षरशः गावाकडे रिकामं होतं. ज्यांचं शेत नाही त्यांना कुणीतरी आपल्या शेतात बोलावतंच. येळवशीला लातुरात घरी जेवणारा माणूस म्हणजे कुणाशी तरी भांडलेला, असं मित्र म्हणाला.

मामांचं रान तेरणेच्या बाजूला. सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन गेलं, ते काढायलाही मिळालं नाही. बांधाकडची माती वाहून खालचा मुरूम उघडा पडला आहे. मामांनी ते एकदाच हात करून दाखवलं आणि लगेच पलीकडच्या हरभऱ्याकडे वळले. हरभरा मात्र घाट्यांना आलेला, ज्वारी कमरेच्या वर.

रानाच्या मधोमध कडब्याची कोप उभी केलेली, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली की आंबील ज्वारीवर शिंपडत कडेने फिरायचं, तोंडाने म्हणायचे शब्द धड मराठी नाहीत, त्यांना कन्नड वळण आहे. सीमेच्या इतक्या जवळ आलोय हे तिथे कानाला कळतं. मग जेवण. भज्जी या नावावरून भजी समजू नका. तुरीचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, हरभऱ्याची कोवळी भाजी, गाजर, चिंच, सगळं बेसनात एकजीव शिजवलेलं दाट प्रकरण असतं ते. सोबत बाजरीचे उकडलेले उंडे, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार आंबील. मामी वाढतच राहतात. "अजून एक उंडा" याला नाही म्हणायची सोय नाही. तिघा-चौघांच्या रानांत बोलावणं होतं, प्रत्येक ठिकाणी बसावं लागलं.

मामांची नात आठवीत आहे. तिने मला हरभऱ्यात नेलं. आदल्या रात्री तिने पांढरं सुती फडकं झाडांवर पसरून ठेवलं होतं. दवाबरोबर पानांवरचा आंबटपणा त्यात उतरतो, सकाळी ते पिळून बाटलीत भरतात. ती आंब. तिने बाटलीचं बूच काढून थेंबभर माझ्या तळहातावर टाकला. जीभ लावली आणि कानशिलं झणझणली. पोटदुखीवर देतात म्हणे. मला त्यातून दुसरी गोष्ट कळली: इथे रात्री दव भरपूर पडणार. दुर्बिणीच्या नेत्रिका, म्हणजे डोळा लावायची भिंगं, खिशात ठेवायच्या, हे तेव्हाच ठरवलं.

शुक्रवारची रात्र

दिवस मावळला की कडब्याचा हेंडगा पेटवून रानाच्या कडेने फिरवतात. एकाचा विझतो न विझतो तोवर शेजारच्या रानात दुसरा. दिसायला फार देखणं, पण आमच्या दृष्टीने घोटाळा: डोळे दिपलेले, आणि धूर जमिनीलगत पसरून पूर्वेला थांबलेला. गुरू पावणेआठच्या आसपास उगवला तो त्या धुरातच, तांबूस. कोपीत चहा उकळत होता. कुणीतरी म्हणालं, "शुक्राची चांदणी निघाली." शुक्र या दिवसांत सूर्याच्या पाठीमागे असल्यामुळे दिसतच नाही, हे सांगितल्यावर दोन म्हाताऱ्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

दुर्बीण मी सूर्यास्तालाच बाहेर काढून ठेवली होती. आरसा बाहेरच्या हवेइतका गार झाल्याशिवाय प्रतिमा स्थिर होत नाही, तासभर तरी द्यावा लागतो. सव्वाआठला पहिली रांग लागली. एकीकडे गुरूला लागून त्याच्या चार मोठ्या चंद्रांपैकी तिघांचे ठिपके: सगळ्यात जवळ युरोपा, मग आयो, मग गॅनिमीड. दुसरीकडे लांबवर एकटा कॅलिस्टो. डॉब्सोनियनमध्ये चित्र उलटं दिसतं आणि रात्र सरते तशी चंद्रांची रेघ कलत जाते, त्यामुळे डावं-उजवं लिहून उपयोग नाही. नातीने वहीत "तिघांची बाजू" आणि "एकट्याची बाजू" असं लिहून टाकलं. मला हे सुचलं नसतं.

साडेआठच्या सुमाराला ती नेत्रिकेला डोळा लावून होती. म्हणाली, "काका, जवळचा दिसंना." मला वाटलं, धूर. बघितलं तर आयो जागेवर, गॅनिमीड जागेवर, युरोपा खरंच नाही. गुरूच्या कडेला टेकायच्या आधीच, मोकळ्या काळ्या जागेत विझलेला. मोबाईलवर स्टेलॅरियम हे आकाशाचं ॲप उघडलं तेव्हा उलगडा झाला: ग्रहण. प्रतियुतीच्या आधी गुरूची सावली आपल्याला जरा एका बाजूला पडलेली असते, म्हणून चंद्र आधी सावलीत शिरून दिसेनासा होतो आणि मग त्याच अवस्थेत ग्रहाच्या पाठीमागे जातो. बाहेर येणार तो दुसऱ्या बाजूने, साडेबाराच्या आसपास.

हे मी सांगितलं आणि रात्रीचा नूरच पालटला. एरवी आकाशदर्शन म्हणजे रांग, एक डोळा, "हां दिसला", पुढचा. गुरूला तसं उरकणं म्हणजे त्याचा अपमान आहे. हा ग्रह एकदा बघून झाला असं होत नाही, तो तासातासाने बघायचा असतो, कारण त्याच्याकडे प्रत्येक वेळी काहीतरी बदललेलं असतं. कोपीत पैजा लागल्या. मामा म्हणाले, "कुटं जातंय, यील की." मामी म्हणाल्या, "साडेबारापर्यंत कोण जागणार?" आणि जाऊन शेणकुटं घेऊन आल्या, शेकोटीला.

मधल्या चार तासांत काय काय झालं ते क्रमाने सांगता येणार नाही. पंचांग बघणारे एक आजोबा होते. ते म्हणाले, "गुरू वक्री हाय, लग्नं अडतील." नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चपर्यंत तो ताऱ्यांमधून उलट सरकताना दिसतो, हे खरंच. मी म्हटलं, आजोबा, रस्त्यात उसाचा ट्रॅक्टर आपल्या पुढे असतो, आपण जीप त्याच्या बाजूने पुढे काढतो तेव्हा तो पलीकडच्या झाडांच्या मानाने मागे जाताना दिसतो. तो काही रिव्हर्समध्ये नसतो. पृथ्वी आतल्या मार्गावरून गुरूला ओलांडून जाते आहे, इतकंच. आजोबांनी विचार केला आणि म्हणाले, "मग लग्नं कशाला अडवायची?" त्यांच्या घरी कुणाचं तरी जमत आलेलं असणार.

मग रोमर या खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. गुरूच्या चंद्रांची ग्रहणं कधी लवकर, कधी उशिरा लागतात, आणि तो फरक पृथ्वी-गुरू अंतराप्रमाणे बदलतो, यावरून ओले रोमरने १६७६ मध्ये प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो हे दाखवलं. ती ग्रहणं आयोची होती. त्या रात्री गुरूकडून आपल्याकडे प्रकाश यायला साधारण ३६ मिनिटं लागत होती. नातीने वहीत वजाबाकी केली: "म्हणजे तो खरा विझला तेव्हा आपण चहा पीत होतो." तिला गॅलिलिओ माहीत होता, पण जानेवारी १६१० मध्ये त्यानेही असेच रोजचे ठिपके काढून ठेवले होते हे माहीत नव्हतं. त्यानंतर तिचे ठिपके जरा नीट यायला लागले.

अकरानंतर हवा बदलली. धूर बसला, वारा पडला, गुरू वर चढला. १२० पटीवर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे तपकिरी पट्टे स्पष्ट झाले, आणि ग्रह पूर्ण गोल नाही, जरा चपटा आहे, हे बिनसांगता कळायला लागलं. इतका प्रचंड गोळा दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्याने तो चपटा झाला आहे. नळी सतत सरकवत राहावी लागते, मिनिटभरात ग्रह चौकटीबाहेर जातो. मुलांना हे काम फार आवडतं. फक्त नेत्रिका धरून ढकलू नका, नळीला धरा, एवढं एकदा दाखवून द्यायचं.

बाराच्या पुढे शेजारच्या रानातून बॅटरी हलत आली. कृषी पंपाची थ्री फेज या आठवड्यात रात्रीची होती, ती येळवस बघत नाही. एक गडी दारं धरायला आलेला, पायात चिखल, डोक्याला मफलर. "काय बघलालाव?" मामांनी सगळी कथा सांगितली, आणि ती माझ्यापेक्षा चांगली सांगितली. तोही थांबला. साडेबाराला मी नेत्रिका त्याच्याकडे दिली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ह्या अंगाला एक फोड आल्यावानी दिसतंय." युरोपा, एकट्याच्या बाजूला, कडेला चिकटून बाहेर येत होता. पाच-दहा मिनिटांत तो सुटा झाला. मामा पैज जिंकले, पण पैसे द्यायचे असलेले दोघे आधीच घोंगडीत घोरत होते. पाणी धरणारा गडी मात्र एकदम दचकला, "माझं दारं फुटलं असंल", आणि पळाला.

आम्ही चौघंच उरलो. दोनच्या सुमाराला गुरू इतका वर आला की बघायला मान मोडावी लागत होती. आपल्या अक्षांशावर ही चैन आहे. या वर्षी तो आकाशात बराच उत्तरेला आहे, त्यामुळे मराठवाड्यातून मध्यावर येताना जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो, आणि तिथून येणारा प्रकाश हवेच्या सगळ्यात पातळ थरातून येतो. तिघांच्या बाजूला आता वेगळंच चाललेलं. आयो बाहेरच्या दिशेने निघालेला, गॅनिमीड आत येणारा. संध्याकाळी दोघांत चांगलं अंतर होतं, ते कमी होत होत दोघं अगदी शेजारी आले. गॅनिमीड हा सूर्यमालेतला सगळ्यात मोठा चंद्र, बुध ग्रहापेक्षाही मोठा. एका नजरेत दोघे दिसतात तेव्हा त्याचं तेज जास्त आहे हे कळतं. नात तोवर झोपली होती. तिच्या वहीत ते दोन ठिपके मी काढले, वेळ टाकली, आणि खाली मुद्दाम "काकांनी काढलेले" असं लिहिलं, कारण सकाळी चौकशी होणार हे माहीत होतं.

रानात रात्र काढणाऱ्यांसाठी दोन शब्द. अंगावरच्या कपड्यांपेक्षा पायाखालची सोय आधी बघा. ओल्या ढेकळांतून गारठा चढतो, पोतं किंवा चटई हवीच. लाल प्रकाशासाठी बॅटरीला पतंगाचा लाल कागद रबरबँडने लावला की काम होतं. आणि रात्री दुसऱ्याच्या रानात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. रानडुकरांसाठी काही जण कुंपणात करंट सोडतात. मामांनी संध्याकाळीच कुठून कुठपर्यंत फिरायचं ते दाखवून ठेवलं होतं.

शनिवार, २० डिसेंबर: खरोसा, किल्लारी, शाळेचं मैदान

उठायला उशीर झाला. खरोशाच्या लेण्या जवळच आहेत. जांभ्यात कोरलेल्या, त्यामुळे मूर्तींचे चेहरे बरेच झिजलेत, पण आतली सावली आणि दगडाचा तो लालसर रंग दुपारच्या उन्हात बघण्यासारखा आहे. गर्दी नाही. पाणी बरोबर न्या.

परत येताना किल्लारीला स्मारकाशी थांबलो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र, लोक नुकते दमून झोपलेले. जवळपास दहा हजार माणसं गेली. मामी तेव्हा नव्या नवरी होत्या, औशाकडच्या याच गावात. त्या काही फार बोलल्या नाहीत. "त्यानंतर दोन महिने अंगणातच निजलो. आभाळ तेव्हाच बघितलं काय ते," एवढंच. मित्राने गाडी सुरू केली.

संध्याकाळी गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर बोलावणं होतं. मैदानाच्या कोपऱ्यात हायमास्ट, त्याचा खटका कुणाच्या ताब्यात आहे हे तासभर कळलं नाही. आधी शनी दाखवला. तो नैर्ऋत्येला चांगला वर होता, पण लोक पाठ्यपुस्तकातलं चित्र डोक्यात घेऊन आलेले. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीला अगदी कडेने आली होती, आणि अजूनही ती इतकी चपटी आहेत की गोळ्यातून आरपार गेलेली बारीक रेघ तेवढी दिसते. "कडं कुठंय?" हे मी त्या तासात इतक्यांदा ऐकलं की शेवटी एका शिक्षकांनीच उत्तरं द्यायला सुरुवात केली. कडी गेलेली नाहीत, पुढच्या वर्षांत परत उघडत जातील. तरी मन खट्टू होतंच. शनी दाखवायचा असेल तर यंदा आधी सांगून ठेवा, किंवा नुसता गुरूच दाखवा.

गुरू वर आला आणि हायमास्टचा काही फरक पडला नाही. ग्रहाला काळोख लागत नाही, स्थिर हवा लागते. तेजोमेघ, दीर्घिका बघायच्या तर रान गाठा; गुरूसाठी शाळेचं मैदानही पुरतं, फक्त सिमेंटच्या ओट्यापासून आणि तापलेल्या पत्र्यांपासून लांब मातीवर उभे राहा.

नात रांगेत पहिली. बघितलं, मागे वळली, वही उघडली, परत बघितलं. "सगळे एकट्याच्या बाजूला गेले!" खरंच: चारही चंद्र एकाच अंगाला, आणि आदल्या संध्याकाळी जिथे तिघं होते तिथे कोरं. मला हे आधी माहीत असायला हवं होतं असं नाही, मी मुद्दामच बघून ठेवलं नव्हतं. शिक्षकांनी तिची वही सगळ्यांना फिरवून दाखवली. दोन रात्रींची पानं शेजारी ठेवली की चंद्र फिरतात हे सांगावं लागत नाही. आयोची फेरी पावणेदोन दिवसांत, युरोपाची साडेतीन, गॅनिमीडची सात, कॅलिस्टोला सतरा दिवसांच्या आतबाहेर. एका मुलाने विचारलं, तिथे कुणी गेलंय का. युरोपा क्लिपर हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय आणि २०३० मध्ये पोहोचणार आहे, त्या चंद्राच्या बर्फाखाली पाणी आहे असा अंदाज आहे, हे सांगितलं. पुढचा प्रश्न आला, "बोअर मारणार का?" मराठवाड्यातल्या पोराने दुसरं काय विचारावं!

रविवार, २१ डिसेंबर: तेरमार्गे परत

पहाटे पाचला निघालो. गुरू पश्चिमेकडे कलला होता पण अजून चांगला वर होता. लातूरच्या अलीकडे ऊसतोड मजुरांचा तळ लागला, पाचटाच्या कोप्या, बैलगाड्या जुंपायची गडबड. चहा मिळेल का विचारायला उतरलो, तर एका बाईंनी चुलीवरचाच ओतून दिला. बीडकडच्या होत्या, नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांच्या लहानग्याला मित्राने १० बाय ५० ची द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची छोटी दुर्बीण, धरून दिली, कोपर गाडीच्या टपावर टेकवून. हात स्थिर असतील तर त्यातूनही चंद्र दिसतात. बाईंनी वर न बघताच म्हटलं, "ते व्हय, ते तर रोज आमच्या म्होरं असतंय. फडात जाताना तिकडं असतंय" आणि विळ्याने नेमकी दिशा दाखवली. प्रतियुतीच्या आधीचा गुरू पहाटे कुठे असतो हे त्यांना कुठल्याच ॲपची गरज न पडता ठाऊक होतं.

तेरला त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ बघितलं. मागची बाजू अर्धगोल, जुन्या चैत्यासारखी. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमपर्यंत व्यापार असलेलं गाव. आज गोरोबाकाकांचं म्हणून ओळखलं जातं. समाधीजवळच्या हॉटेलात पोहे आणि तिखट तर्री. नंतर येडशी, बीड, घर. वाटेत सांगण्यासारखं काही नाही.

तुम्हाला बघायचं असेल तर घाई नाही. १० जानेवारी २०२६ ला प्रतियुती आहे, त्या दिवशी सूर्य मावळताना गुरू उगवेल आणि आपला चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला येईल, म्हणजे संध्याकाळ पूर्ण तुमची. तीच एक रात्र गाठली पाहिजे असंही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो अंधार पडतानाच वर असेल, लहान मुलांना जागवायला नको. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शुक्र त्याच्या शेजारी येईल, पण तेव्हा आपल्याकडे ढगांचं काय सांगावं. नवी दुर्बीण घेणाऱ्यांनी डब्यावर "५०० पट" लिहिलेली खेळणी टाळावीत. सुरुवातीला चांगली द्विनेत्री आणि एक वही पुरे.

द्विनेत्री मित्राने नातीकडेच ठेवली आहे. परवा तिच्या आईच्या फोनवरून वहीच्या पानाचा फोटो आला. तीनच ठिपके, आणि खाली: "चौथा पुढं हाय का मागं, सांगू नका. मी साडेनऊला परत बघणार हाय."